चारशे बारा ग्रॅम

वाल्देमीर सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन पाण्यात उतरतो.
इल्या ग्रांदीच्या खडकांवर जे केशरी माजलंय
ते खरवडायचं, जाळीच्या पोत्यात भरायचं,
वर आणून काट्यावर टाकायचं.
किलोवर पैसे.
तेलाच्या फलाटांना चिकटून आलं म्हणतात,
सासऱ्यांच्या तरुणपणी इथं नव्हतंच.
आयत्या बिळावर नागोबा,
आणि नाव बघा, सूर्य-प्रवाळ.

गेल्या जूनमध्ये एक तुकडा वहीत चढला नाही.
चारशे बारा ग्रॅम,
माझ्या कसाव्याच्या पिठाच्या काट्यावर.
"का आणलास?"
"छिन्नी लावली तरी मिटला नाही," म्हणाला,
आणि बूट धुवायला बाहेर गेला.

टाकी आमच्याकडे होती,
बंद पडलेल्या दातांच्या दवाखान्यातली.
नावाला भुलून मी त्याला वर ठेवलं, थेट दिव्याखाली.
तीन दिवस मिटून बसलं,
पोरानं पैसे लपवलेल्या मुठीसारखं.
वाल्देमीर हसला. हा उजेड खात नाही, बाई.
मग त्यानं कपारीच्या छताला, आतल्या बाजूनं,
त्याला उलटं चिकटवलं,
पंपाचं पाणी अंगावर न येता
जवळून जाईल असं.
खाटेखाली चप्पल सरकवावी
तशी जागा.

रात्री दहाला दिवा बंद.
बर्फातली कोळंबी वाटीत सुटी करायची,
आधी नुसतं तिचं पाणी सोडायचं
आणि थांबायचं.
हे थांबणं मला जमायला महिना लागला.
वास पोचतो, मग एक तोंड, मग तीन,
मग पिवळी बोटं सगळीकडून.
सदतीस तोंडं. मी मोजलीत.
एकाला दिलं म्हणून शेजारचं तृप्त होत नाही,
प्रत्येकाला वेगळा घास, पिचकारीच्या टोकानं,
हळू, नाहीतर दचकून मिटतात
आणि मग उद्या.
लाल पट्ट्याचा झिंगा भरल्या तोंडातून ओढून नेतो,
म्हणून ग्वारानाच्या बाटलीचं बूड कापून
खालून वाटीसारखं धरते.
मनगट दुखतं. सासूबाईंना शेवटी पेज भरवताना
असंच दुखायचं. तेव्हा मी एवढी शांत नव्हते.

पाणी बदललं की मोरीत ओतायचं नाही.
मोरी गटाराला, गटार खाडीला.
बादलीत ब्लीच, वर झाकण, रात्रभर.
त्यात तो कधी चुकत नाही.
दिवसभर ज्याचा जीव घेतो
त्याच्या आंघोळीच्या पाण्यालाही घाबरतो.

एका रविवारी ज्यासीरा आली, वही तीच लिहिते.
मी टाकीवर जाड टॉवेल टाकला.
"मासे झोपलेत?" तिनं विचारलं.
"आजारी आहेत," मी म्हणाले.
वाल्देमीरनं कॉफीत तिसऱ्यांदा साखर घातली.
ती दोन तास बसली, बहिणीच्या घटस्फोटाबद्दल बोलली,
जाताना टॉवेलकडे पाहून म्हणाली,
पाणी गरम होईल हो.
दार लावून टॉवेल काढला
तर अंधारात सगळी सदतीस उघडी,
भर दुपारी, कुणी वास न देता.
आम्ही दोघं खाली बसून पाहत राहिलो.
कॉफीचे कप तसेच.

आता मागच्या काचेवर ठिपके आलेत.
मसुरीएवढे, केशरी, पंपाच्या नळीवर पण.
वाल्देमीरनं दाढीचं पातं आणलं.
हात काम शिकलेला, चार झटक्यांत काच साफ.
नळीमागचा एक राहिला.
त्याला दिसला नसेल असं मला वाटत नाही.

त्याचं तोंड इतकं लहान
की कोळंबी सुरीनं चेचून, गाळून घ्यावी लागते.
काल घेतलं त्यानं, की पाण्यानं वाहून नेलं, नीट कळलं नाही.
आज पुन्हा बघते.
खाडीवर उद्याची पोती वाळत टांगलीत.