पिवळा

तांबट आळीत काका घागरीला
अजून मोजून ठोका देतात.
माझ्याकडे ठोका नाही.
बोटभर क्युवेटमध्ये तांब्याचे आयन, दोन-दोनच्या जोडीनं,
मधे पाणी धरलेलं,
चिमट्यात धरावं तसं.

फॉस्फेटचा बंध एकटा सोडला तर
गोदा पात्र बदलेल, तो सुटायचा नाही,
वनारसे मॅडम म्हणाल्या होत्या.

दुपारपर्यंत द्रावण बिनरंगी, गप्प.
डबा तसाच राहिला.
साडेचारला पिवळी झाक,
हळदीचं बोट धुतल्यासारखी.
रीडिंग घेतलं. पुन्हा घेतलं.
बंध तुटत होते,
तांबं मात्र होतं तसंच,
पुढच्यासाठी हात मोकळे करून.

रात्री काकांना सांगितलं.
"झिजत नाही?"
"नाही."
त्यांनी हातोडी उलटी केली,
चाळीस वर्षांत बसकं झालेलं तिचं तोंड
माझ्यापुढं धरलं.