कसर

ऑगस्टची चौदा. पहाटेचे पावणेपाच.
इद्वाल बागेत येतो, पायजम्यावर कोट,
आणि लाकडी पेटीवरचा दिवा मालवतो.
अंधार थोडा गडबडतो, मग खाली बसतो.
टाइवी नदीवर धुकं, नासल्या दुधासारखं.
पलीकडे लोकरीची गिरणी.
एकेचाळीस वर्षं तिथे त्याने माग चालवला.
आता शाळांच्या सहली येतात,
एकच माग, ऐकवण्यापुरता, दहा मिनिटं खडखडतो.

शेजारची हेलेद, अकरा वर्षांची, वही घेऊन पायरीवर.
तिचं अक्षर बरं, म्हणून ती लेखनिक.
मी वरच्या खोलीतला भाडेकरू. माझ्याकडे चहा.

अंड्यांचे पुठ्ठे एकेक उचलायचे,
कुठल्या खळग्यात कोण झोपलंय बघायचं.
"पिवळ्या अस्तराची, बावीस.
थांब, तेवीस. एक माझ्या बाहीत आहे."
अस्तर हा त्याचा शब्द:
वरून मळखाऊ कापड, उडताना आत हळद.
"खांद्यांवर पिवळी धम्मक लोकर, एक.
आणि हे… हे मला ठाऊक नाही. जागा सोड."
ती एक ओळ कोरी सोडते.
फावड्याच्या मुठीवर रॉबिन, छातीला गंज चढलेला,
हिशेबातून निसटेल ते उचलायला टपून.

गिरणीत होता तेव्हा हा माणूस पाखरांचा वैरी.
ठाणांच्या घड्यांत डांबराच्या गोळ्या,
कोटालाही तोच वास;
चॅपेलमध्ये ओल्वेनसुद्धा वीतभर सरकून बसायची.
कसर दिसली की टाळी.
टाळीनंतर तळहातावर
सोनेरी पूड.

आता मोजतो.
का, ते हेलेदनं एकदा विचारलं.
"झोप येत नाही," म्हणाला.

गिरणीचं छप्पर वसंतात नवं झालं.
मुकादमाला गाठून त्याने एवढंच मागितलं:
सहाव्या ओळीतली एक पाटी सैल राहू दे.
त्या फटीत पाकोळ्या आल्या, मे महिन्यात,
आणि सात ऑगस्टला गेल्याही.
मागे एक पिल्लू, उशिराचं.
फटीतून तोंड काढून आभाळाकडे बघायचं,
आत जाऊन पंखांवर जोर काढायचं.
एकदा सुटलं की दोन-तीन वर्षं
कशालाच पाय टेकायचा नाही, झोपसुद्धा वरच.
हेलेद रोज संध्याकाळी दुर्बीण लावून बसली,
इद्वालची, उजवी काच तडकलेली,
त्यामुळे तिला पिल्लं दीड दिसायची.

इथल्या भाषेत भिंगरीला आणि मागावरच्या धोट्याला
एकच शब्द, ग्वेनोल. पाकोळी ती काळी ग्वेनोल.
माझ्या भाषेत पाकोळी म्हणजे ती,
आणि दिव्यावर झेपावणारं हे पाखरूही.
दोन्ही भाषांनी आळस केला असेल.
किंवा नीट बघितलं असेल.

शेवटच्या पुठ्ठ्यात एक दमलेलं,
पंखावर रुपेरी वाय, कडा विरलेल्या.
"समुद्रापलीकडून आलंय," इद्वाल कुजबुजला.
आम्ही तिघं वाकलो. चहा निवला.
कितीतरी वेळ आम्ही त्या एका अक्षरावर वाकून होतो.

मग हेलेदनं मान वर केली.
फट काळी होती. नुसतीच काळी.
"गेलं?"
कुणीच पाहिलं नाही.
धुक्यावर आभाळ, आणि आभाळात
बोट दाखवावं असं काही नाही.

तिनं वही उघडली,
कोऱ्या ओळीवर पेन्सिल टेकवली.
"तिथे नको," इद्वाल म्हणाला,
"ती जागा दुसऱ्याची आहे."
ती पान उलटणार, इतक्यात रॉबिन
खाली आला, गवतातून काही उचललं, कुंपणापार.
हळदीचं अस्तर एकदाच चमकलं.

"तेवीसचे बावीस कर."
हेलेदनं खोडलं. वर लिहिलं, बावीस.
नीट, गोल अक्षरात.