ठराव क्रमांक अकरा

रविवार, सकाळी साडेदहा. पंचायतीची वरची खोली, शिरोडे.
हजर : सात पंच, बत्तीस ग्रामस्थ, एक कुत्रा
(कुत्र्याची नोंद नाही).
मी सचिव. मला मत नाही,
मला फक्त वही आहे.

विषय तोच, चौथ्यांदा :
खालच्या खाजनातल्या मानशीचं दार कुजलं आहे.
भरती आली की नदी शेतात शिरते,
सुकती लागली की निम्मीच परत जाते.
उरतं ते मीठ.

तिघांना किंदळीचं लाकूड हवं, चौघांना सिमेंट,
आणि चौघांतल्या दोघांचे मेहुणे ठेकेदार.
फाईल पणजीला गेली, फोंड्याला आली,
एका सहीसाठी पुन्हा पणजीला.
बाणस्तारीचा पूल माझ्यापेक्षा तिला जास्त ओळखतो.

तेव्हा श्रीरंगबाब केंकरे उठले.
काठी आधी, मग ते.
त्यांच्याबरोबर मागच्या बाकावरचे तिघे उठले, सवयीनं,
आणि लाजून बसले.
"माझ्या वडिलांच्या काळात बांध फुटला तर सभा नव्हती.
बाबांनी बाल्कांवातून हाक दिली
की चाळीस गडी चिखलात.
देश अजून रांगतो आहे.
रांगणाऱ्याला कोणी विचारतं का, कुठे जायचं?
त्याला कडेवर घेतात."

टाळ्या पडल्या. खोटं कशाला लिहू,
एक माझीही असती, हातात पेन नसतं तर.

तन्वेश, दुबईहून सुटीवर आलेला, म्हणाला,
तिथे शेखानं बोट दाखवलं की वाळूत रस्ता उगवतो.
"आणि तुझा पासपोर्ट कोणाकडे असतो रे तिथे?"
ही पिएदाद फुर्तादो, वॉर्ड तीन, मान वर न करता.
ती चवळीच्या शेंगा सोलत होती.
सभेत शेंगा सोलू नयेत असा ठराव आहे.
अंमल नाही.

मग चंद्रावती पागी. वय विचारलं तर सांगते,
पाखले गेले तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते.
ती उभी राहिली नाही. गुडघे.
"त्या चाळिसांत माझा बाप.
हाक आली तेव्हा भरती होती.
बाबांना बाल्कांवातून पाणी दिसत नव्हतं,
बापाला दिसत होतं.
पण हाकेला उलट हाक नसते.
भगदाडात पेंढा बसेना, म्हणून माणूस उभा केला.
पुनव होती. रात्रभर, छातीपर्यंत.
बांध राहिला.
श्रीरंगबाब, बांध राहिला हे खरं बोललात.
बाप सहा महिने खोकला आणि गेला.
आमचं खोपट तुमच्या भाटात,
म्हणून रडलोसुद्धा हळू."

श्रीरंगबाब काठीच्या मुठीकडे बघत राहिले.
"नाव काय त्याचं?"
इतक्या वर्षांनी, कुंपणापलीकडच्या माणसाचं.
"उमलो."
मग ती माझ्याकडे वळली. "लिही. वहीत लिही."

विषयपत्रिकेत नसलेलं लिहिता येत नाही.
सरपंच म्हणाले, मत घेऊ.
सात हात वर गेले. या खोलीत मी सात
कधी पाहिले नव्हते.
आठवा श्रीरंगबाबांचा, काठीसकट.
तो मोजला नाही. नियम.

ठराव क्रमांक दहा : उमलो पागी यांचे नाव. एकमताने.
ठराव क्रमांक अकरा : मानशीचे दार. पुढील सभेत.

संध्याकाळी खाली गेलो.
दार एका बिजागरीवर लोंबत होतं,
भरती चढत होती, कोणाची मंजुरी न घेता.
भाताची पाती टोकाला तांबूस.
बांधावर चौघे आधीच भांडत होते,
फळी आतून ठोकायची की बाहेरून.
फळी होती. खिळे आणायला तन्वेश गेला होता.
पिएदाद म्हणत होती, आतून. बाकी तिघांची तीन मतं.

मी लांबूनच मोजलं : गणसंख्या अपुरी.
वही पिशवीत घातली, पिशवी माडाला अडकवली.
चपला कुठे काढाव्यात,
यावरही दोन तट पडले.