कोड

बॅटरी बदलून आणली तुर्भ्याहून.
गाडी एका हाकेत उठली,
पण रेडिओनं डोळे उघडले
आणि ओळखच दाखवली नाही.
हिरव्या काचेत इंग्रजी चार अक्षरं : कोड.

म्हणजे मी कोण, हे आता मीच सांगायचं,
माझ्या गाडीत, माझ्या पार्किंगमध्ये,
कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस,
ज्या खांबापाशी कबुतरंसुद्धा
फक्त माझ्याच टपावर बसतात.

चार शून्यं दाबली.
मग एक दोन तीन चार,
अर्धं जग यावरच चालतं.
मग लग्नाचं साल.
त्यानं काही उघडलं नाही,
तसं आधीही कुठे उघडलं होतं.

तिसऱ्या चुकीला रेडिओ म्हणाला, थांबा.
एक तास. किल्ली फिरवलेली ठेवून.
मी थांबले.
डब्यातली उरलेली कोबीची भाजी खाल्ली,
ऑफिसातल्या न जुळलेल्या तेराशे चाळीस रुपयांचा
विचार केला, तेही जुळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शकूर म्हणाला,
"मॅडम, फेकून द्या. पडदेवाला बसवतो, बोटानं चालतो.
याला आता चोरसुद्धा हात लावणार नाही."

तेच मनात रुतलं.
वीस वर्षं हा चोराची वाट बघत जागा.
चोरांनी केव्हाच धंदा बदलला,
याला कुणी निरोपच दिला नाही.
एक तार सुटली की अजून छाती काढून विचारतो,
कोण रे तू?

सायकलच्या दोन तारा वाकवून
शकूरनं त्याला बाहेर ओढला.
खोबणीत एक वेलदोडा, कंगव्याचा दात,
आणि बाजूच्या स्टिकरवरचा नंबर
नेमका अर्धा खरवडलेला.
"जाऊ दे, परत बसव," मी म्हटलं.

सर्व्हिसच्या जुन्या वहीत पहिल्या मालकाचं नाव होतं,
भालचंद्र य. हेबाळकर, चरई, ठाणे.
लँडलाइन. लागेल असं वाटलं नव्हतं.

"कुठली गाडी?"
"राखाडी. चारशे बेचाळीस."
जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मागचं डावं दार अजून दोनदा आपटावं लागतं?"
"लागतं."
"दुसऱ्या गिअरला कुरकुर?"
"सकाळी सकाळी."
"एसी लावून घाट चढवत नाही ना?"
"छे हो," मी खोटं बोलले.
"स्टेपनीत हवा कधी बघितली होती?"
इथे मी नापास झाले.
त्यांनी ग्रेस मार्क दिले असावेत.

"घ्या लिहून. सहा. एक. पाच. दोन."
कागद नाही शोधला, चष्मा नाही मागितला.
"कुणाची तारीख आहे का?"
"कसली तारीख! कंपनीनं दिलेला आकडा.
अर्थ असता तर चोरालाही सुचला असता.
अर्थ नाही, म्हणून पाठ करावा लागला."

सहा. एक. पाच. दोन.
काच उजळली.
पण स्टेशनं सगळी पुसली गेलेली,
सहाही बटणांखाली एकच खरखर.

"लागला?"
"लागला, पण नुसती खरखर आहे काका."
"फोन जवळ न्या."

दाराच्या स्पीकरला मी फोन लावून धरला,
डॉक्टर नळी धरतात तसा.
वॉचमन थबकला, बघितलं न बघितलं करून
नळाकडे गेला.
बराच वेळ ती खरखर
कोपरखैरण्याहून चरईला जात राहिली.

मग पलीकडून :
"हां. तोच आहे.
आवाज चौदाच्या वर नेऊ नका,
उजवीकडचा फाटतो."

फोन ठेवला त्यांनी.
मी पंधरा करून बघितला.
खरंच फाटतो.