निरंक

चारच्या आत आकडा तालुक्याला जायला हवा.
उपकेंद्रात रेंज नाही.
साडेतीनला दाराला कडी घालून मी सड्यावर चढते,
बंद पडलेल्या चिरेखाणीच्या कडेला
एका ठराविक दगडावर उभी राहते,
तोंड देवगडकडे.
तिथे फोनला दोन काड्या येतात.

ताप: शून्य. ताप आणि पुरळ: शून्य.
जुलाब: शून्य. कावीळ: शून्य.
कुत्रा चावला: एक, लस दिली.
शेरा: बाकी निरंक.

नवी होते तेव्हा विचारलं होतं,
काहीच नसेल तर पाठवायचं कशाला?
तुळसकर मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
रिकामा रकाना वेगळा, शून्य वेगळं.
शून्य लिहिलंस म्हणजे तू जाऊन बघितलंस.

ओळीने एकोणीस दिवस शून्यं पाठवली.
तिकडे धुरी ती उतरवून घेतो,
उलट टपाली एक अंगठा येतो.

विसाव्या दिवशी सकाळी तिठ्यावर
द्रौपदी कुबल नव्हती.
पाटी नाही, आदाळो नाही, पाण्याचा डबा नाही,
दगडावर खवल्यांचा जुना चकाकता डाग
आणि त्याच्याशेजारी मांजर,
वेळेवर आलेलं.

घरी गेले तर दारातूनच म्हणाली,
"काय नाय गो बाये, बांगडो बाधलो असतलो."
हाताने उंबऱ्याची चौकट धरलेली.
ओठ सुकटासारखे.

नाक्यावरच्या दुकानात ओवा मागितला.
संपलो, म्हणाला. सकाळपासून चौघांनी नेला.

ओवा संपला, असा रकाना नाही फॉर्ममध्ये.
बाई जागेवर नाही, असाही नाही.

मग धक्क्यावर उतरले.
बर्फ कारखान्याच्या मागे "वेताळप्रसाद" लागलेला,
जाळ्यांच्या ढिगावर मंजुनाथ आडवा,
कारवारकडचा, विशीतला.
कधीपासून? तीन बोटं दाखवली.
पत्ता विचारला तर होडीचं नाव सांगितलं.
गाव? पुन्हा होडीचंच.
मी तेच लिहिलं.
त्याच्यासकट खलाशी सात.
वाडीत घरोघर फिरले, तिथे नऊ,
त्यांत कुबलांची नात,
कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहणारी.

कारखान्याच्या भिंतीलगत नळाचा व्हॉल्व्ह
गटारात बुडालेला.
उधाण आलं की तिथवर खाडी चढते,
ओसरताना काय ठेवून जाते ते कोण बघतो?
दोन बाटल्यांत पाणी भरलं, चिठ्ठ्या चिकटवल्या,
नातीला रिक्षात घालून पुढे धाडलं.

दगडावर पोचले तेव्हा पाच वाजायला आले होते.
घामाने बोट पडद्यावर लागेना.
जुलाब: सोळा.
लगेच फोन. "बाई, सोळा?
काय एक चुकान पडलो?"
चुकून नाही, म्हटलं. सोळाच.

आणि मग त्या तीन बोटांचा हिशेब
चढणीवर राहिला होता तो लागला.
सतरा, अठरा, एकोणीस.
ती तीन शून्यं मी
उपकेंद्राच्या पायरीवर बसून लिहिली होती,
उन्हं होती, गुडघा दुखत होता,
आणि धक्क्यावर कोण आजारी पडतंय.

शेऱ्यात ते लिहिलं.
धुरीचा अंगठा आला नाही त्या दिवशी.

त्यानंतर माणसं आली, जीप आली,
पांढरी पावडर, पाइपचा नवा तुकडा,
मला एक नोटीस, तिला मी उत्तर दिलं.
सोळाचे एकवीस झाले, मग नऊ, मग दोन.
मंजुनाथ बरा होऊन समुद्रात गेला,
कुठल्या गावच्या यादीत बरा झाला
ते अजून ठरलेलं नाही.

आता तीनलाच निघते.
आधी धक्का, मग वाडी, मग चढण.
आज ताप शून्य, जुलाब शून्य.
द्रौपदीने बांगड्याचं डोकं कापून
न बघताच मागे टाकलं,
मांजराने ते वरच्यावर झेललं.
निरंक.