ओठावरची पन्हळ

संग्रहालयाचं तळघर, कौनास.
एका अंगाला हीटर, दुसऱ्या अंगाला नेमुनास नदीची ओल.
चित्र क्रमांक चारशे बारा. चित्रकार : अज्ञात.
कापसाचा बोळा मी थुंकीने भिजवते
(हो, थुंकीनेच. इतकं सौम्य काही
अजून कुणाला बाटलीत भरता आलेलं नाही)
आणि आकाश पुसायला घेते.

आधी निघतो धूर. ऐंशी वर्षांचा, चिकट.
मग निळा :
कपड्यांना घालायच्या निळीचा, दोनदा पिळलेला.
मग शिडी.
याकोबाच्या स्वप्नातली शिडी स्वर्गाला टेकलेली असते,
ही टेकली आहे न्हाणीघराच्या धुराड्याला
आणि देवदूत उतरताहेत पाठमोरे, जपून,
म्हातारी माणसं माळ्यावरून उतरतात तसे.
एकाच्या पायात रबरी बूट. डावा गळका.

योना माशाच्या पोटात कंदील लावून बसलाय,
पेपर वाचतोय, निघायची घाई नाही.
अब्राहामाच्या अंगात खाटकाचा एप्रन,
सुरी खाली ठेवून तो खिशात काही शोधतोय,
आणि मेंढा, ज्याला पळायला एवढं रान मोकळं,
तोही वाकून त्याच्यासोबत शोधतोय.
विहिरीपाशी दोघा मूर्खांनी चंद्र पिंपात धरलाय
आणि झाकण म्हणून स्वतःच वर बसलेत.

छपरांच्याही वर, कुणाचा हात न लागता,
तरंगतंय एक कपाट.
अक्रोडाचं. दारावर कोरलेलं हरीण,
एक शिंग मोडलेलं.

इथे बोळा थांबला.
मी नवीन घेतला.

मागची अक्षरं वाचायला पेसाख ऑशेरोविच आले,
जुने घड्याळजी, भिंग अजून डोळ्यालाच चिकटलेलं.
उजवीकडून डावीकडे बोट फिरवत म्हणाले :
नेखामे. शिंप्याची मुलगी. स्काइद्रुवा गाव. एकोणचाळीस.
मग चित्र सुलट केलं, आणि बराच वेळ गप्प.
‘चेहरे बघ. नाकाखाली.’
बघितले.
योना, मूर्ख, देवदूत, पाणी भरणारी बाई, पाळण्यातलं मूल.
वरचा ओठ सगळ्यांचा सपाट.

‘आमच्यात म्हणतात,
पोटातल्या बाळाला सगळं ठाऊक असतं.
एक देवदूत दिवा धरून शिकवतो त्याला,
जगाचं हे टोक, ते टोक.
आणि जन्माच्या क्षणी तोंडावर बोट ठेवतो : चूप.
बाळ विसरतं.
बोटाचा ठसा तेवढा राहतो, ही पन्हळ.
या पोरीने कुणाच्याच ओठाला बोट लागू दिलं नाही.’
टोपी घालता घालता म्हणाले,
‘म्हणजे यांना सगळं आठवतंय.’

घरी आले. आई बटाटे सोलत होती.
स्वयंपाकघरात कपाट तिथेच, जिथे कायम असतं.
आजोबांनी लिलावात घेतलं, युद्धाच्या साली, स्वस्तात,
एवढंच आम्हाला माहीत. विचारलं कुणी नाही.
लहानपणी त्या मोडक्या शिंगाच्या जागी
मी बोट घालून बसायची, ताप असला की.
त्याच्या आत आमच्या बशा, आमचं मीठ,
आजोबांचं पदक, बहिणीच्या लग्नातला चुरगळलेला रुमाल.

‘काय बघतेस?’ आई.
काही नाही, म्हणाले,
आणि बोट आपोआप वर गेलं, ओठावर,
त्या खाचेत बरोब्बर बसलं.
आईच्या ओठावरची खाच दिव्याखाली स्पष्ट दिसत होती.
खोल. आमच्या घरात सगळ्यांचीच खोल आहे.

सकाळी अहवालात ‘अज्ञात’ खोडलं,
नेखामे लिहिलं, शिंप्याची मुलगी, आडनाव वाचता आलं नाही.
आकाश : स्वच्छ केलं.
शिडी : स्वच्छ केली.
कपाटापाशी पेन टेकवून ठेवलं
आणि शाई कागदात पसरत गेली,
अक्षर काही होईना.