पायी माणसाला तिकीट नाही

लोक अदालतीत सगळं मिटलं, असं लोक म्हणतात.
मिटलं म्हणजे घडी घातली,
पाच वर्षांची, साठ हप्त्यांची.
पतसंस्था, मंडपवाला, दोन बँका
एकाच कागदावर मांडीला मांडी लावून,
जणू आमच्याच केटरिंगची शेवटची पंगत
आणि वाढपी मी एकटी.

गाडी मात्र त्या कागदावर नाही.
वकील शिरवईकरबाई पेनाचं टोपण चावत म्हणाल्या,
"ती तारण आहे. ती ह्यात बसत नाही."
चार दारं, पाच सीट,
आणि बसत नाही.

सात तारखेला गाडी, नऊ हजार आठशे चाळीस.
दहा तारखेला पंगत.
बांबोळीच्या लॅबमध्ये मी दुसऱ्यांचं रक्त मोजते
आणि रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर वजाबाकी करते.
हातचा घ्यायला
शेजारच्या घरात काही उरलेलं नसतं.

गाडी नसेल तर रात्रपाळी नाही,
रात्रपाळी नसेल तर भत्ता नाही,
भत्ता नसेल तर गाडीचा हप्ता नाही.
चोडण ते बांबोळी, बांबोळी ते चोडण,
स्वतःला फेडायलाच धावते गाडी.

पाटोवरच्या ऑफिसातला मुलगा फोनवर गोड बोलतो.
"मुदत वाढवू या ना मॅडम, हप्ता खाली येईल."
मुदत वाढवली तर ते नवं कर्ज,
आणि नवं कर्ज घेणार नाही
अशी खाली माझी सही आहे, निळ्या शाईत,
आडनावाशी थोडी थरथरलेली.
"मग सरेंडर," तो म्हणाला,
तितक्याच गोड आवाजात.

पुंडलीक काही बोलला नाही.
मॅट काढून माडाला आपटत राहिला,
धूळ संपली तरी.
डिकी तीनदा धुतली.
सोलकढीचा वास गेला नाही.
कुंकळ्येच्या मुंजीत टोप कलंडला होता,
तेव्हा किती ओरडले होते मी त्याला,
नवी गाडी, नवी गाडी म्हणून.

आज सकाळी ताबा दिला.
मुलाकडे यादी होती: जॅक, स्टेपनी,
डाव्या दारावर ओरखडा एक.
सीटखालून निघाला शाल्मलीचा कंपास
आणि आमचा एक झारा, भाताचा, लांब दांड्याचा.
"हे यादीत घालू?" त्यानं खरंच विचारलं.
मी दोन्ही उचलले.
लिलावात जे कमी पडेल ते मागून येईल माझ्या नावावर.
ते मात्र बसेल म्हणे कागदात,
तारण नसलेल्यांच्या ओळीत,
पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं.
सरका जरा. पान मांडते.

रायबंदरच्या धक्क्यावर सवयीनं
गाड्यांच्या रांगेत उभी राहिले,
दोन गाड्यांच्या मध्ये, पर्स छातीशी धरून.
मागच्यानं हॉर्न दिला.
फेरीवरच्या इनासनं माझ्या मागे पाहिलं.
"गाडी खंय गो?"
"सर्व्हिसिंगला," मी म्हटलं.
पर्समधून झारा बाहेर डोकावत होता.
मी सुट्टे पुढे केले, तर तो हसला,
पायी माणसाला तिकीट नाही.
सात वर्षांत पहिल्यांदा
नदी मी फुकट ओलांडली.

काचेच्या आतून हे पाणी
इतकं आवाज करतं कळलं नव्हतं.
इंजिनाचा धूर सरळ तोंडावर येतो,
कुणाच्या तरी पिशवीतले बांगडे,
कुणाचा तरी कोपर.
पलीकडे उतरल्यावर दोन किलोमीटर,
खाजनाच्या बांधावरून, सांजवेळ धरून.

उद्याची पाळी दुपारची आहे, निभेल.
परवा रात्रीची.
परवाचं अजून
लॅबमध्ये कुणाला सांगितलेलं नाही.